एकशे अठरा पाकिटं

८ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी आज मिळाली, कॉम्प्युटरच्या बरोबर फुकट. वर सोनेरी अक्षरांत ‘पूर्व उपनगर कर सल्लागार संघ’ छापलंय आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कुठलं रिटर्न कधी भरायचं ते. मला जन्मात रिटर्न भरावं लागलेलं नाही, तेव्हा ती जागा वाया. बाकी पानावर लिहीन म्हणते. एकसष्टाव्या वर्षी एकटीच्या घरात बोलायला कोण आहे?

तर झालं असं. आमचं कांजूरमार्गचं फिट्सच्या औषधांचं केंद्र म्हणजे समाजमंदिरामागच्या दोन खोल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकशे अठरा माणसं येतात आणि महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन जातात. डॉक्टर सुलक्षणा तपासतात, नंदू कंपाउंडर गोळ्या बांधतो, मी रजिस्टर सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. आता कर सल्लागारांच्या संघाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत, म्हणून यंदा त्यांनी लहान संस्थांना कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं आणि त्यात आमचा नंबर लागला. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वर शिकवायला चार दिवस एक बाई. त्यांचे सेक्रेटरी जयवंत साहेब स्वतः टेम्पोबरोबर आले होते. अट एकच, नऊ फेब्रुवारीला मुलुंडला त्यांचा सोहळा आहे, तोवर आमचं अख्खं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढलेलं पाहिजे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली. मशीन आलं की कुणाची तरी खुर्ची जाते, हे डोळ्यांनी बघितलंय.

१३ जानेवारी, सोमवार

शिकवणाऱ्या बाई गोड आहेत, पण भरभर बोलतात. मी ‘हो हो’ म्हणते आणि घरी येऊन आठवत बसते. आज एक बटण दाबलं आणि सगळं पान गायब झालं. बाईंनी दुसरं बटण दाबून परत आणलं. कुठलं ते दाखवलं, पण माझं लक्ष पान सगळं परत आलं का याकडे.

नंदूला हसायला काय जातंय? “काय गो, भियातंस कित्याक? चावता काय तो?” मी म्हटलं, तू बस ना इथे. तर म्हणे डोळ्यात मोतीबिंदू आहे, तीस तारखेला ऑपरेशन. सोयीचं आहे सगळं याचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

झालं. एकशे अठरा. नंबर, नाव, फोन, गोळी, किती वेळा. सगळं मी स्वतः एका बोटाने टाइप केलं आणि दोनदा पडताळलं. एक चूक नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

आमचे नंबर म्हणजे माणसं आली त्या क्रमाने. एक नंबर सुंदराबाई, आता ऐंशीच्या झाल्या. एक्केचाळीस नंबर घाटकोपरची संघमित्रा. आली तेव्हा सात वर्षांची होती, फ्रॉकची नाडी तोंडात धरून. तिची आई मालन बालवाडीत खिचडी शिजवते. पोरीला दिवसातून चार-चार फिट्स यायच्या, शाळेने नाव काढून टाकलं होतं. आता चार वर्षं झाली, एकही फिट नाही. लॅब टेक्निशियनचं शिकतेय, मार्चमध्ये शेवटची प्रॅक्टिकल. गुलाबी गोळी, सकाळी एक, रात्री एक. तिचं नाव टाइप करताना मी उगाच जरा थांबले.

२७ जानेवारी, सोमवार

जयवंत साहेब येऊन यादी बघून गेले. माणूस शिस्तीचा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. खूश झाले, पण म्हणाले, “सुगंधाताई, यादी नंबराप्रमाणे कशाला? अकारविल्हे लावा. आमच्याकडे अशील दारात आला की आडनावावरून दहा सेकंदांत फाइल काढतो. बाराखडीप्रमाणे असली की कोणीही बघून खूश होईल.”

जाताना ते जुनं रजिस्टरही घेऊन गेले. सोहळ्यात काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, शेजारी कॉम्प्युटर. आधी कसं होतं, आता कसं झालं, ते लोकांना दिसावं म्हणून. मी हो म्हटलं. रजिस्टर नसलं की कपाट रिकामं वाटतं. आता जे काही आहे ते त्या डब्यात, आणि डब्यावर माझा विश्वास नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

यादी बाराखडीप्रमाणे लागली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. नावांचा रकाना निवडला, वरचं बटण दाबलं. मध्येच एक चौकट उघडली आणि त्यात इंग्रजीत दोन पर्याय. निवड वाढवायची का, असा पहिला. आहे त्या निवडीवरच पुढे जायचं, असा दुसरा. पहिल्यावर आधीच खूण होती, पण मी कशाला काय वाढवून ठेवू? नको ते वाढायचं आणि पुन्हा सगळं गायब व्हायचं. आयुष्यभर आहे त्यात भागवत आले. दुसऱ्यावर खूण केली. क्षणात अडसूळपासून हळदणकरांपर्यंत सगळे रांगेत.

पुन्हा पडताळून बघायला रजिस्टर नव्हतं. नावं मात्र मोजली. एकशे अठरा भरली.

१ फेब्रुवारी, शनिवार

नंदू डोळ्याला पट्टी लावून घरी. त्याला लोकांच्या गोळ्या तोंडपाठ, त्यामुळे तो कधी कागदाकडे बघायचाच नाही. मी तशी नाही. मी प्रिंटरवर चिकटपट्ट्या छापल्या, नाव वर, गोळी खाली, आणि यादी समोर ठेवून एकशे अठरा पाकिटं भरली. पाठीचा पार काटा ढिला झाला. एका-दोघांच्या गोळ्या मला वेगळ्या वाटल्या, पण डॉक्टर तिमाहीला गोळ्या बदलतात ना. आणि टाइप करून दोनदा पडताळलेलंच होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

वाटप झालं. चिकटपट्टीवरचं छापील नाव बघून लोक हरखले. एक आजोबा म्हणाले, मोठ्या दवाखान्यासारखं झालं की.

संघमित्रा आईबरोबर आली होती. तिने तिथेच पाकीट उघडलं. “ताई, ही आमची नाही वाटत. आमची गुलाबी असते ना?” पाकिटात छोट्या पांढऱ्या होत्या, त्यासुद्धा फक्त रात्रीच्या. मी यादी बघितली. तिच्या नावापुढे पांढरीच होती. मी म्हटलं, अगं, कंपनी बदलली की रंग बदलतो, कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे बघ. मागे रांग वाढत होती. ती म्हणाली, “बरं, तुम्ही म्हणताय तर.” आणि गेली.

आता जेवताना ते आठवलं. काही नसेल. सवयीने घाबरते मी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुंदराबाईंच्या सुनेचा फोन. आजी दोन दिवस नुसत्या झोपून आहेत, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. मी म्हटलं थंडी आहे, वय आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जयवंत साहेबांना सोहळ्यात दोन शब्द बोलायला कोणीतरी पेशंट हवाय. आमच्याकडे कोण पुढे येणार? निम्म्या लोकांनी घरच्यांपासूनही आजार लपवलाय, सोयरीक मोडते म्हणून. संघमित्रा मात्र कुणाला भीत नाही. मी संध्याकाळी पाच वाजता केंद्रावर यादी उघडली आणि तिच्या नावापुढचा नंबर लावला.

“हॅलो, मालन?”

“मी राजाराम तावडे बोलतोय. कोण पाहिजे?”

राजाराम तावडे आमचेच. एकशेतीन नंबर. मी म्हटलं, चुकून लागला. मग सुंदराबाईंच्या नावापुढचा लावला, तर कुणी भलतीच बाई. तिसरा लावला. तोही भलताच. चौथाही.

नावं तेवढी सरकली होती. फोन जागच्या जागी, गोळ्या जागच्या जागी, आणि फक्त नावं बाराखडीप्रमाणे वर-खाली झाली होती. संघमित्रासमोर राजारामांची गोळी. सुंदराबाईंसमोर कुण्या धट्ट्याकट्ट्या माणसाची. एकशे अठरा माणसं पाच दिवस दुसऱ्याच कुणाची तरी औषधं घेतायत, आणि ती मी माझ्या हातांनी दिली.

कॉम्प्युटर बंद केला. खरं रजिस्टर मुलुंडला, साहेबांच्या ताब्यात. आत्ता फोन करून काय सांगू? परवा त्यांचा पन्नासावा वर्धापनदिन, चारशे माणसं, मला शाल द्यायची आहे. कॉम्प्युटर परत नेतील. केंद्राचं नाव जाईल. रविवारी रजिस्टर हातात आलं की नीट पडताळून डॉक्टरांना सांगते. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. गोळीचा असर असा लगेच जात नसतो म्हणतात.

कोण म्हणतात, ते मला आठवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

संघमित्राचं घर मला माहीत आहे. घाटकोपरला, दोनदा गेलेय. तिला तरी सांगून यावं म्हणून सकाळी अकराला निघाले. रिक्षा मिळाली नाही असं इथे लिहिणार होते. रिक्षा समोर उभी होती, रिक्षावाला “कुठे जायचं मावशी” म्हणून विचारत होता. मालनच्या तोंडाकडे बघून कसं सांगायचं, ते मला उभ्या उभ्या जमेना. परत फिरले. उद्याच्या साडीचा ब्लाऊज इस्त्रीला दिला होता, तो घेऊन आले.

डॉक्टरांचा नंबर तीनदा काढला. तीनदा फोन खाली ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचं सगळं लिहायचंय. क्रमाने लिहिते, नाहीतर मी मध्येच काहीतरी गाळीन.

नंदू आणि मी टॅक्सीने मुलुंडला निघालो. त्याच्या डोळ्यावर काळा चष्मा. भांडुप मागे पडल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “गो, मी होतंय ना. माका इचारूचा होतास. माका सगळी पाठ आसत.” खरंच, त्याच्या घरी चालत दहा मिनिटं. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं, किंवा सुचू दिलं नव्हतं.

हॉलच्या दारात फुलांची रांगोळी. आत काचेच्या पेटीत माझं रजिस्टर, उघडून ठेवलेलं, वर दिवा. पुढच्या रांगेत डॉक्टर सुलक्षणा बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे निघाले तोच माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, फोटो. जयवंत साहेब म्हणाले, “ताई, दोन शब्द.” माइक हातात दिला.

मी म्हटलं, “माझ्याकडून चूक झालीय. यादी लावताना नावं इकडची तिकडे झाली. मागच्या रविवारी सगळ्यांना चुकीच्या गोळ्या दिल्या. हे मला शुक्रवारी कळलं.” एक-दोघं हसले, त्यांना वाटलं म्हातारी कॉम्प्युटरची गंमत सांगतेय. “खरे नंबर त्या पेटीतल्या रजिस्टरात आहेत. मला ते आत्ता पाहिजे.” मग कोणी हसलं नाही.

डॉक्टर जागेवरून उठून सरळ स्टेजवर आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. साहेबांनी विचारलं, “किती जण?” मी आकडा सांगितला. त्यांनी पेटी उघडली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर सुनावणार. त्यांनी ब्लेड मागवलं, स्वतः खाली बसून रजिस्टराची शिवण उसवली आणि पान पान सुटं केलं. “रिटर्नच्या शेवटच्या तारखेला आपण काय करतो? तसंच करायचं. एका टेबलाला एक पान. भाषणं नंतर.” फोनवर काय बोलायचं ते डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं, नव्या पाकिटातली गोळी थांबवा, जुनी उरली असेल तर घ्या, आज चारला केंद्रावर या. मी माइकवरून एवढंच सांगितलं की फोनवर आजाराचं नाव घेऊ नका, घरच्यांना माहीत नसतं. त्यांनी ते पाळलं. वीस टेबलांवर माणसं फोन लावत होती, “गोळ्यांच्या केंद्रातून बोलतोय, त्यांनाच फोन द्या.” नंदू टेबलाटेबलाला फिरून तोंडपाठ गोळ्या सांगत होता. कॉम्प्युटर शेजारी फुलांत तसाच. मी स्टेजवरच खुर्चीत बसून होते. शाल काढायची राहिली होती.

सव्वाबारापर्यंत एकशे नऊ सापडले. उरलेल्यांकडे माणसं गाड्या घेऊन गेली. सुंदराबाईंना त्यांच्यातल्याच एकाने दवाखान्यात पोहोचवलं, आता शुद्धीवर आहेत. दुपारी चारपर्यंत एकशे सतरा. एकाच नंबरावर नुसती रिंग जात होती. एक्केचाळीस.

केंद्रावरचं वाटप नंदूवर सोपवून, तिच्या गोळ्या घेऊन, डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही घाटकोपरला गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, शनिवारी संध्याकाळी पोरगी पुऱ्या तळत होती, फिट आली. उजवा हात कढईत गेला.

हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर मालन बाकावर बसली होती. डॉक्टर आत गेल्या. मी पाकीट पुढे केलं, गुलाबी गोळ्यांचं, आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं, ताई?”

स्टेजवरून जे मी बोलले ते तिने ऐकलेलं नव्हतं. मी ‘आज’ म्हटलं असतं तर तिने ते धरलं असतं. तोंडात आलंही होतं. मी म्हटलं, “शुक्रवारी संध्याकाळी.”

मालन म्हणाली, “शनिवारी दिवसभर ती घरीच होती. अभ्यास करत होती.”

पाकीट तिने घेतलं आणि आत गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हात वाचणार. कातडी लावावी लागेल. बोटं हलतील म्हणाले, पण मार्चची परीक्षा गेली, आता सहा महिन्यांनी. बाकीच्यांत सात जणांना त्रास झाला, सगळे सावरले.

मी राजीनामा लिहून डॉक्टरांना दिला. त्यांनी न वाचता परत केला. “हा तुमच्याकडेच ठेवा. नवीन माणूस आणून त्याला भीती शिकवत बसायला मला वेळ नाही.” रागातच बोलल्या. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, ते बरोबरच आहे.

साहेबांनी कॉम्प्युटर परत नेले नाहीत. मला वाटलं होतं नेतील. उलट त्या शिकवणाऱ्या बाईंना पुन्हा पाठवलं, यादी नव्याने करायला. यावेळी चार दिवस नाही, जमेपर्यंत. ते स्वतः शेजारी बसून एकेक पान वाचत होते आणि नंदू हो-नाही म्हणत होता. एकदा पेन खाली ठेवून म्हणाले, “अकारविल्हे लावा, असं मी म्हटलं होतं ना.” मी म्हटलं, बटण मी दाबलं. मग आम्ही दोघंही पुढच्या पानाकडे वळलो.

२ मार्च, रविवार

पाकिटं नंदूने भरली, मी पडताळली, बाईंनी पुन्हा पडताळली, आणि तरीही मी साडेसातला जाऊन सगळी परत उघडून बघितली. लोक येणार नाहीत असं वाटलं होतं. आले. गोळ्या लागतातच, कुठे जाणार?

मालन आणि संघमित्रा दहाला आल्या. पोरीचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये. मी पाकीट पुढे केलं. तिने डाव्या हाताने ते टेबलावरच उपडं केलं. डॉक्टरांचा कागद मालनने पिशवीतून काढून तिच्यासमोर धरला.

“ताई, स्ट्रिपवरचं नाव तुम्ही मोठ्याने वाचा,” संघमित्रा म्हणाली. “मी कागदावर बघते.”

मी वाचलं. तिला ऐकू गेलं नाही, तिने पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. मग किती मिलिग्रॅम ते वाचलं. मग मोजल्या, एकेक पट्टी, सगळ्या रांगेसमोर. तिने मान हलवली, सगळं परत भरलं आणि निघाली. बरं वाटलं का, राग गेला का, काही विचारायची माझी छाती नव्हती. मालनने माझ्याकडे बघितलं नाही.

मागच्या माणसानेही पाकीट टेबलावर उपडं केलं. त्याच्या मागच्या बाईनेही. ज्यांना वाचता येत नव्हतं ते नंदूला बोलवत होते, शेजारच्याला विचारत होते. मी बसून प्रत्येकाचं वाचत गेले. ज्या कामाला एक तास लागायचा त्याला दुपारचे तीन वाजले. घसा बसला. एवढी घाबरलेली मी मागच्या महिन्यातही नव्हते, आणि तरी मला ते थांबायला नको होतं.

सगळ्यात शेवटी राजाराम तावडे आले. त्यांना कुठेतरी पोहोचायचं होतं. पाकीट खिशात कोंबून ते पायऱ्यांपर्यंत गेलेसुद्धा. मी उठून त्यांच्या मागे गेले, दंडाला धरून त्यांना टेबलापाशी परत आणलं आणि म्हटलं, आधी उघडून बघा.